रॅबिट स्नेलसाठी केएच २ चालेल का? आणि शंखाचं टोक झिजलेलं असेल तर घ्यावेत का?

निळीटाकी

रॅबिट स्नेल (गोड्या पाण्यातल्या लांब शंखाच्या गोगलगायी) ठेवायचे आहेत. आणण्याआधी टाकी तुमच्यासमोर मांडतो, म्हणजे जीव घरी आल्यावर धावपळ नको.

टाकी ८० × ३५ × ४० सेमी. तळाला बारीक, गोलसर वाळू ४ सेमी. एक कॅनिस्टर (टाकीबाहेरचा, डब्यासारखा) फिल्टर आणि कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर. हीटर २५ अंशांवर. टाकीतलं पाणी: पीएच ६.८, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा कठीणपणा) ५, केएच (कार्बोनेटची क्षारता; दोन्ही डिग्रीत) २, अमोनिया-नायट्राइट शून्य, पाणी बदलण्याआधी नायट्रेट लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम. आठवड्याला २५ लिटर पाणी बदलतो. झाडं: जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया, थोडं मॉस. मासे: १२ निऑन टेट्रा, ६ ब्राँझ कोरी.

विचारायचं ते असं. या पाण्यात रॅबिट स्नेल टिकतील का? विक्रीला दिसतात त्यातल्या बहुतेकांच्या शंखाचं टोक झिजलेलं, पांढरट दिसतं, तो आजार समजायचा का? किती ठेवावेत? आणि हे खरंच जावा फर्न खातात का?

पाणवठा

सध्याच्या पाण्यात नको. वाळू आणि फिल्टर चांगले आहेत, अडचण केएच आणि पीएचची आहे.

हे प्राणी टायलोमेलानिया वंशाचे. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच सापडतात: मातानो, माहालोना, तोवुती वगैरे मालिली सरोवरांत आणि पोसो सरोवरात. पाउल आणि फ्रित्स साराझिन या स्विस निसर्गअभ्यासकांनी १८९७ मध्ये हा वंश मांडला. त्या सरोवरांचं पाणी बाराही महिने कोमट, स्वच्छ आणि पीएच ८ च्या आसपासचं. आम्लधर्मी पाण्याशी या गोगलगायींचा कधी संबंधच आलेला नाही. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, वर प्रथिनाचं पातळ आवरण. पीएच ७ च्या खाली गेला की जिथे जिथे हे आवरण खरवडलंय तिथून शंख विरघळायला लागतो. हे इतकं हळू होतं की डोळ्यांना दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

तुमच्या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात.

एक, केएच २ असताना, पृष्ठभाग हलता असलेल्या टाकीतल्या पाण्याचा पीएच ७.३ च्या जवळ यायला हवा. तुमचा ६.८ आहे. म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला ९-१० मिलिग्रॅम असावा, खरं तर तो ३ च्या आसपास हवा. टाकीत लाकूड असेल तर थोडा फरक त्याचाही. कॅनिस्टरचं परतीचं पाणी पृष्ठभागाखाली सोडलं असेल तर वर घ्या, पृष्ठभाग सतत हलता दिसला पाहिजे. एवढ्याने पीएच बराच वर सरकेल.

दोन, नायट्रेट. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते. हिशेब सरळ आहे: नायट्रेट लिटरला ११ मिलिग्रॅम वाढलं की केएच साधारण १ डिग्री उतरलेला असतो. नळाच्या पाण्याचा केएच आणि नायट्रेट मोजून इथे टाका, मग पुढचं बोलू. नळाचं पाणी भांड्यात २४ तास उघडं ठेवूनच पीएच मोजा, ताज्या पाण्याचा पीएच फसवा असतो.

शंखपाळ

टोकाबद्दल मी सांगतो.

झिजलेलं टोक हा आजार नाही. टोक म्हणजे शंखाचा सगळ्यात जुना भाग, पिल्लू असतानाचा. सरोवरातून पकडलेल्या प्रौढ रॅबिट स्नेलमध्ये ते तुटलेलं किंवा झिजलेलं असणं नेहमीचंच. झिजलेला भाग बाहेरून पुन्हा भरत नाही. प्राणी आतल्या बाजूने थर देऊन तो बंद ठेवतो, एवढंच. त्यामुळे "पाणी सुधारलं तरी टोक सुधारत नाही" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

बघायचं ते तोंडाकडे, म्हणजे जिथून शरीर बाहेर येतं त्या कडेला. नवा शंख तिथेच तयार होतो. कड सलग, गडद, आणि आधीच्या वेढ्याइतकीच जाड असेल तर प्राणी खातोय आणि वाढतोय. कड कागदासारखी पातळ, फिकट किंवा दातेरी तुटलेली असेल तर खाणं किंवा कॅल्शियम कमी पडलंय. आणि मधल्या वेढ्यांवर, टोकापासून लांब, पांढरे खड्डे दिसत असतील तर तो प्राणी सध्या ज्या पाण्यात आहे ते पाणी आम्ल आहे. असा घेऊ नका.

घेताना आणखी एक परीक्षा. हलकेच उचला. जिवंत प्राणी शरीर आत ओढून शंखाच्या तोंडाला स्वतःचं झाकण लावून घेतो, वजनही जाणवतं. शरीर लोंबत राहिलं, झाकण सैल असलं, तर ठेवून द्या. वास घेतला की शंका उरतच नाही, मेलेल्या गोगलगायीच्या वासात चूक होत नाही.

उचलायचं नेहमी शंखाला धरून, आणि पाय काचेला किंवा दगडाला चिकटला असेल तर ओढायचं नाही. बाजूने हळूच सरकवा. ओढाताणीत शरीर शंखाला जोडणारा स्नायू फाटतो, तो पुन्हा जुळत नाही.

निळीटाकी

पाणवठा, मोजलं. नळाचं पाणी एक दिवस ठेवून: पीएच ७.५, जीएच ५, केएच ४, नायट्रेट ५.

म्हणजे टाकीत येऊन २ डिग्री केएच गायब होतोय? फिल्टरमध्ये कोरलचे (पोवळ्याचे) तुकडे घातले तर भागेल ना? आणि तापमान किती करू? निऑन आहेत म्हणून विचारतो.

पाणवठा

हो, आणि तो कुठे जातो तेही तुमच्याच आकड्यांत आहे. नळात नायट्रेट ५, टाकीत २५ ते ३०. वाढ २० ते २५, म्हणजे साधारण २ डिग्री. हिशेब जुळला. तेव्हा पहिला उपाय मीठ किंवा कोरल नाही, पाणी जास्त बदलणं हा. आठवड्याला २५ ऐवजी ४० लिटर बदला आणि खाणं थोडं कमी करा. नायट्रेट १५ च्या आसपास स्थिरावेल, केएच आपोआप ३ च्या वर येईल.

त्यापुढची भर अशी. टाकीचं माप ११२ लिटर, पण वाळू, दगड, वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी ९० लिटरच्या आसपास धरा. दर १० लिटरला १ डिग्री वाढवायला लागतं ते:

केएचसाठी खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) ०.३ ग्रॅम.
कॅल्शियमकडून जीएच वाढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२६ ग्रॅम.
मॅग्नेशियमकडून जीएच वाढवायला एप्सम सॉल्ट ०.४४ ग्रॅम.

लक्ष्य केएच ५, जीएच ८ ठेवा. टाकीत आत्ता केएच ३ डिग्रीने वाढवायचा म्हणजे एकूण ८ ग्रॅम सोडा, पण एकदम नाही. २.७ ग्रॅमचे तीन भाग करा आणि एक-एक दिवस सोडून घाला. जीएच ३ ने वाढवायचा त्यातला २ डिग्री कॅल्शियमकडून, १ मॅग्नेशियमकडून: ४.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ४ ग्रॅम एप्सम सॉल्ट, तेही तीन भागांत. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच भांड्यात विरघळवू नका, पांढरा साका बसेल आणि दोन्ही वाया जातील. वेगवेगळ्या मगमध्ये, भरपूर पाण्यात, आणि टाकीत घालताना मध्ये तासाभराचं अंतर. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी गरम होतं, घाबरू नका, निवू द्या.

पुढे दर आठवड्याच्या ४० लिटर नव्या पाण्यात सोडा २.४ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड २.१ ग्रॅम, एप्सम १.८ ग्रॅम. नव्या पाण्याचा केएच त्यामुळे ६ होतो आणि टाकी ५ च्या आसपास राहते. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. चमच्याने मोजू नका, सोड्याचा चमचा आणि एप्समचा चमचा यांचं वजन सारखं नसतं. इतकं मोजमाप नको असेल तर तयार जीएच-केएच मिश्रण मिळतं, तेही चालतं. फक्त डब्यावर नीट वाचा: नुसतं जीएच वाढवणारं मिश्रण घेतलं तर केएच आहे तिथेच राहील. ही चूक फार जण करतात.

कोरलबद्दल. वाईट नाही, पण भरवशाचं म्हणून त्यावर विसंबू नका. कोरल आम्ल पाण्यात पटापट विरघळतं आणि पीएच ७.५ च्या पुढे गेला की जवळजवळ थांबतं. वर जीवाणूंचा थर बसला की आणखी मंदावतं. जाळीच्या पिशवीत १०० ग्रॅम कॅनिस्टरमध्ये ठेवा, एखादं पाणी बदलणं चुकलं तर ते आधार देईल. दोनेक महिन्यांनी पिशवी चोळून धुवा.

आणि घरात नळाला मीठवाला सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी टाकीत नको. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं: केएच तसाच दिसतो, जीएच शून्य होतो.

तापमान: २८ करा.

तळगाळ

२८ ला माझा विरोध. सरोवरात २८ असतं म्हणून टाकीत २८ हवंच असं नाही, आणि या टाकीत निऑन आहेत. निऑन २८ ला कायमचे ठेवले तर त्यांचं आयुष्य घटतं. ब्राँझ कोरीही २७ च्या पुढे बेचैन होतात. २६ ला सगळ्यांचं जमतं. रॅबिट स्नेल २६ ला व्यवस्थित खातात, फिरतात, पिल्लंही देतात, फक्त वाढ जरा सावकाश. २४ च्या खाली मात्र ते बसून राहतात, खाणं सोडतात.

ऑक्सिजनचाही मुद्दा आहे. २४ अंशांना पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.४ मिलिग्रॅम मावतो, २८ ला ७.८. फरक फार नाही, पण रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात आणि हे प्राणी रात्रीच जास्त हिंडतात. स्पंज फिल्टर रात्री बंद ठेवत असाल तर चालू ठेवा.

हीटर एकदम वाढवू नका, दिवसाला अर्धा अंश पुरे.

संख्या: ७-८ सेमीचे चार, फार तर पाच. एकटा ठेवू नका. नर-मादी वेगळे असतात पण बाहेरून ओळखता येत नाहीत. चार-पाच घेतले तर दोन्ही येण्याची शक्यता चांगली. आणि एकाच प्रकारचे घ्या. केशरी, पिवळे, काळे ठिपकेवाले असे चार रंग एकत्र छान दिसतात, पण यांच्यात संकर होतो आणि कुठल्या सरोवरातला कोण ते पुढच्या पिढीत सांगता येत नाही. त्या सरोवरांची स्थिती आधीच नाजूक आहे, मातानोत बाहेरून आलेल्या फ्लॉवरहॉर्न माशांनी धुमाकूळ घातलाय. त्यामुळे टाकीतलं वंशावळ शुद्ध ठेवणं मला तरी महत्त्वाचं वाटतं.

पाणवठा

निऑनचा मुद्दा मान्य. या टाकीला २६. फक्त रॅबिट स्नेल आणि सुलावेसी कोळंबी असती तर २८ वर ठाम राहिलो असतो.

शंखपाळ

जावा फर्नचं उत्तर राहिलं. खातात. सगळ्या झाडांत त्यांना जावा फर्नच जास्त आवडतो असं बऱ्याच टाक्यांमध्ये दिसतं. पानाला गोल, खरवडल्यासारखी भोकं पडतात. अनुबियास सहसा वाचतो, पान जाड असतं. व्हॅलिस्नेरियाच्या जुन्या पानांना चावे घेतील, पण ती झपाट्याने वाढते, कळणारही नाही. पोट भरलेलं असेल तर फर्नचं नुकसान कमी होतं, शून्य होत नाही. फर्न जिवापाड आवडत असेल तर दुसऱ्या टाकीत न्या.

उलट बाजूने, काचेवरचं शेवाळ साफ करायला यांना आणत असाल तर निराशा होईल. कडक हिरवे ठिपके यांच्या जिभेने निघत नाहीत. हे वाळूवरचा गाळ, कुजलेली पानं, मऊ थर खातात.

म्हणून वेगळं खाणं द्यावंच लागतं, आणि इथेच बरेच जण कमी पडतात. गोगलगाय आहे, पडलेलं उचलून खाईल, असं म्हणून चालत नाही. मोठ्या रॅबिट स्नेलची भूक बरीच असते आणि चाल अगदी मंद. तो वासाच्या मागे अर्धी टाकी ओलांडून पोचेपर्यंत कोरींनी गोळी संपवलेली असते. दिवे बंद केल्यावर अर्ध्या तासाने टाका, आणि शक्यतो त्यांच्या पुढ्यातच. चौघांना एक दिवसाआड एक मोठी बुडणारी शेवाळवडी पुरते. मधल्या दिवशी भाजी: पालकाचं पान मिनिटभर उकळत्या पाण्यात, गाजराची जाड चकती बोटाने दाबली जाईल इतकी शिजवून, काकडी कच्चीच पण काट्याला टोचून बुडवलेली. सकाळी उरलेलं काढा, काकडी तर रात्रभरात पाणी ढवळून टाकते. आठवड्यातून एकदा माशांची बुडणारी प्रथिनवाली गोळी. निव्वळ भाजीवर ठेवलेल्यांचा शंख पातळ येतो, कारण शंखाची चौकट प्रथिनाची असते, कॅल्शियम त्यात बसतं.

कॅल्शियम पाण्यातून आणि खाण्यातून, दोन्हीकडून घेतात. म्हाकुळाचं हाड उकळून, बुडेल असं करून, कोपऱ्यात ठेवा. रॅबिट स्नेल त्यावर बसून खरवडतात.

निळीटाकी

खूपच उपयोगी. एक वाचनात आलं, मादी पांढरी गोळी टाकते म्हणे. ती अंडी समजून वेगळी काढायची का? आणि टाकीत सोडायची पद्धत सांगा.

तळगाळ

काढू नका, आहे तिथेच राहू द्या. हे अंडी देत नाहीत, पिल्लू मादीच्या पोटातच वाढतं. बाहेर येतं ते पांढऱ्या मऊ आवरणात, सहसा एका वेळी एकच. पिल्लू थोड्याच वेळात आवरण सोडून बाहेर येतं, कधी दिवसभर लागतो. जातीप्रमाणे पिल्लाचा शंख ३ मिमीपासून १७ मिमीपर्यंत. म्हणजे जन्मतःच छोटी पूर्ण गोगलगाय, आईचंच खाणं खाते. वेगळी टाकी, बारीक खाणं, काही नको. कॅनिस्टरच्या आत ओढणाऱ्या तोंडाला मात्र स्पंज लावा, लहान जातीची पिल्लं आत जातात.

कधीकधी गोळी रिकामी निघते किंवा आतलं पिल्लू अर्धवट असतं. प्रवासानंतर, पाण्यात मोठा बदल झाल्यावर, माद्या गोळ्या वेळेआधी टाकतात. आल्या आल्या दोन-तीन गोळ्या दिसल्या तर आनंद होण्यापेक्षा पाणी तपासा. रिकामी गोळी मऊ पडून पसरते, ती पिपेटने ओढून टाका.

संख्या भरमसाट वाढेल ही भीती नको. एक मादी महिना-दीड महिन्यात एखादं पिल्लू देते, आणि ते मोठं व्हायला वर्षाच्या वर जातं. म्हणूनच इथे एक प्रौढ दगावला तर ती मोठी घट असते. ॲपल स्नेल किंवा रॅम्सहॉर्नचा अंदाज इथे लावू नका.

सोडायची पद्धत. बंद पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगवा, तापमान सारखं होऊ दे. मग प्राणी पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या. पाणी साधारण ४०० मिली असावं, सगळे प्राणी बुडाले पाहिजेत. हवेच्या नळीने टाकीतलं पाणी खाली ओढा, नळीला गाठ मारून किंवा छोटा व्हॉल्व्ह लावून सेकंदाला दोन-तीन थेंब ठेवा. तीन थेंबांच्या वेगाने तासाला अर्धा लिटर पडतं. दोन तासांत बादलीतलं पाणी तिप्पट होतं, तेवढं पुरे. बादली गार पडत असेल तर खाली कोमट पाण्याची परात. शेवटी हाताने उचलून वाळूवर आडवे ठेवा, वरून सोडून देऊ नका. बादलीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

पहिले दोन-चार दिवस झाकण लावून पडून राहिले तरी हलवत बसू नका. आठवडाभर एकाच जागी असला तर उचलून वास घ्या. मेला असेल तर ताबडतोब काढा. इतक्या मोठ्या प्राण्याचं मांस कुजलं की अमोनिया झपाट्याने चढतो, आणि तुम्ही पीएच वाढवलेला असताना तो जास्त घातक असतो: पीएच ७ ला एकूण अमोनियाच्या १ टक्क्यापेक्षा कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला आणि या तापमानाला ६ टक्के. अमोनिया दिसला तर लगेच ४० लिटर बदला, मग बाकीचं.

काठावरून

वरच्या सगळ्याला सहमती. दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण चांगलं पाणी असूनही मरतात ते बहुतेक यातल्या कुठल्या तरी कारणाने.

तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरच्या कित्येक औषधांत कॉपर सल्फेट असतं. गोगलगायींना ते विषच. कोरींना काही झालं तर मासे वेगळ्या भांड्यात काढून औषध द्या, टाकीत टाकू नका. पूर्वी या टाकीत तांब्याचं औषध वापरलं असेल तर तेही इथे सांगा. वाळू आणि सिलिकॉन ते धरून ठेवतात, नुसतं पाणी बदलून जात नाही. झाडांच्या खतातलं सूक्ष्म तांबं नेहमीच्या मात्रेत त्रास देत नाही.

चपट्या जंतांवरची औषधं: फेनबेंडाझोलवाली आणि सुपारीतल्या अर्कावर आधारलेली, दोन्ही गोगलगायींना धोक्याची.

शत्रू. पफर, क्लाऊन लोच, योयो लोच, क्रेफिश: यांच्यासोबत कधीच नाही. असॅसिन स्नेल लहान गोगलगायी खाऊन कमी कराव्यात म्हणून आणतात, पण रॅबिट स्नेलच्या पिल्लांनाही सोडत नाहीत. फायटर माशाला त्या लोंबत्या मिशा अळ्यांसारख्या वाटतात, काही फायटर टोचत बसतात. तुमचे निऑन आणि कोरी मात्र निरुपद्रवी.

वाळू. गोल दाण्याची आहे हे उत्तम, ४ सेमीही योग्य. ते त्यात अर्धे गाडून घेतात आणि नांगरल्यासारखे फिरतात, त्यामुळे वाळू आपोआप खालीवर होते. पातळ मुळांची रोपं उखडली जातील. दगड वाळूवर नुसते ठेवलेले असतील तर ते आधी काचेच्या तळाला टेकवा आणि मग भोवती वाळू भरा. खालून वाळू सरकली की दगड कलंडतो आणि खालचा प्राणी चेंगरतो. लांब शंख दोन दगडांच्या फटीत किंवा हीटर आणि काच यांच्यामध्ये अडकतो, तिथून त्यांना मागे फिरता येत नाही. फटी दोन बोटांपेक्षा मोठ्या ठेवा नाहीतर पूर्ण बुजवा. हीटरला प्लास्टिकची जाळी.

पीएच उतरवणारी काळी माती, ॲक्टिव्ह सॉइल म्हणतात ती, या टाकीत कधी घालू नका. ती केएच शोषत राहते, तुम्ही सोडा घालत राहाल.

निळीटाकी

तांब्याचं औषध या टाकीत कधी पडलेलं नाही. जावा फर्न दुसरीकडे नेतो. शेवटचा प्रश्न: झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडची बाटली लावायचा विचार होता. केएच ५ केल्यावर चालेल?

पाणवठा

नाही. केएच ५ असताना झाडांना उपयोगी पडेल इतका कार्बन डायऑक्साइड, समजा लिटरला २० मिलिग्रॅम, विरघळवला की पीएच ६.९ वर येतो. तो न सोडता, पृष्ठभाग हलता ठेवून, हाच केएच ७.६ ते ७.७ देतो. म्हणजे सोडा घालून जे कमावलं ते बाटली घालवते, तेही रोज दिवसभर. केएच १० करून बाटली लावता येईल असं काही जण सांगतात, पण मग निऑनचं काय? अनुबियास, व्हॅलिस्नेरिया आणि मॉस यांना बाटलीची गरजच नाही. व्हॅलिस्नेरिया तर पाण्यातलं बायकार्बोनेटही वापरते.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात परतीचं पाणी वर घ्या आणि ४० लिटरचं वेळापत्रक सुरू करा. पुढच्या आठवड्यात सोडा आणि क्षार, तीन भागांत. त्यानंतर दोन आठवडे काही बदलू नका, पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी केएच, जीएच, पीएच मोजून लिहून ठेवा. आदल्या दिवशीच, कारण तेव्हा आकडा सगळ्यात खाली असतो. दोन्ही वेळा केएच ४ च्या वर आणि पीएच ७.४ च्या वर मिळाला तर आणा. नाही मिळाला तर आकडे इथे टाका, नव्या पाण्यातला सोडा किती वाढवायचा ते बघू.

शंखपाळ

आणल्यावर प्रत्येकाच्या तोंडाच्या कडेचा फोटो काढून ठेवा, जवळून, बाजूला मोजपट्टी ठेवून. दोन महिन्यांनी तसाच पुन्हा. नवी कड गडद आणि जाड आली असेल तर पाणी आणि खाणं दोन्ही बरोबर. मागच्या वेढ्यावर आधी नसलेला पांढरा खड्डा दिसला तर कोरल किती घालायचं हे विचारण्याआधी केएच मोजा.